दिवा शेवटी

खाऱ्या पाण्याच्या टाकीचा शौक असलेल्या माणसाच्या हातात चार पैसे जमले की तो आधी नवा दिवा घेतो. शारजा, अजमान, दुबईतल्या कितीतरी घरांत मी हे पाहत आलो आहे. माणूस कोकणातला असो, केरळचा असो की लाहोरचा, क्रम ठरलेला: आधी एक दिवा, मग त्याहून मोठा दिवा, मग फोनवरून रंग बदलणारा दिवा. माझे म्हणणे असे की हा क्रम उलटा आहे. टाकीच्या यंत्रांमध्ये दिव्याचा नंबर शेवटी लागायला हवा. हे मी काटकसरीपोटी सांगत नाही. टाकीत जीव आहेत, आणि ते कशाने आणि किती वेळात मरतात याचा हिशेब मांडला की खरेदीचा क्रम आपोआप समोर येतो.

ज्यांचा या शौकाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मिश्र रीफ म्हणजे एकाच टाकीत तीन स्वभावांची प्रवाळे. पहिली मऊ प्रवाळे. यांना दगडी सांगाडा नसतो, उजेड बेताचा चालतो, पाणी थोडे गढूळ असले तरी कुरकुर नसते. दुसरी मोठ्या तोंडाची दगडी प्रवाळे: टॉर्च, हॅमर, मेंदूसारख्या वळ्यांचे ब्रेन. यांना मध्यम उजेड आणि मंद प्रवाह लागतो. तिसरी बारीक तोंडाची दगडी प्रवाळे: अ‍ॅक्रोपोरा, माँटिपोरा. यांना कडक उजेड, जोरदार प्रवाह आणि स्वच्छ पाणी हवे. तिन्ही प्राणीच आहेत, झाडे नव्हेत. पण त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमान प्राण्याला देते. तेव्हा दिव्याचे महत्त्व खरे आहे, ते मी नाकारत नाही. प्रश्न पैसे आधी कुठे घालायचे एवढाच आहे.

आखातात राहणाऱ्या आपल्या लोकांनी तर हा प्रश्न नीट विचारात घ्यायला हवा. आपण वर्षातून एकदा महिनाभर गावी जातो, आणि मुलांच्या शाळेच्या सुट्टीमुळे ते बहुधा जुलै-ऑगस्टमध्येच. म्हणजे इथे बाहेर ४५ अंश तापमान असते तेव्हा आपण रत्नागिरीच्या पावसात असतो आणि टाकी शेजाऱ्याच्या भरवशावर असते. शेजारी भला माणूस असतो, मासे मोजून खाद्य घालतो, पण पंपाचा आवाज बदललेला त्याच्या कानाला कळत नाही. म्हणून कुठलेही यंत्र घेताना मी एकच प्रश्न विचारतो: मी घरात नसताना हे बंद पडले तर टाकी किती वेळ जगेल? ज्याचे उत्तर तासांत येते ते आधी घ्यायचे. ज्याचे उत्तर आठवड्यांत येते ते नंतर.

तासांत उत्तर येते ते पाणी हलवणाऱ्या पंपाचे. समुद्राच्या पाण्यात २६ अंशांवर प्राणवायू विरघळतो तो लिटरला साधारण साडेसहा मिलिग्रॅम. गोड पाण्यात याच तापमानाला आठ मिलिग्रॅम मावतो. म्हणजे खाऱ्या टाकीची शिल्लक मुळातच कमी. पाणी हलायचे थांबले की पृष्ठभागावरून हवा आत जायची थांबते, आणि मासे, प्रवाळे, दगडांतले जिवाणू सगळे मिळून असलेला साठा संपवू लागतात. भरलेल्या टाकीत काही तासांतच मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. आधी मोठे मासे जातात, मग त्यांच्या कुजण्याने बाकीचे. यावर इलाज महागडा नाही. प्रवाह देणारे दोन पंप हवेत, एक नव्हे, आणि त्यातला एक तरी बॅटरीवर चालणारा, वीज गेल्यावर आपोआप बॅटरीवर जाणारा हवा. तेही परवडत नसेल तर वीज गेली की स्वतः सुरू होणारा छोटा हवेचा पंप मिळतो. टाकीतले हे सर्वांत स्वस्त यंत्र सगळ्यांत मोठे काम करते. इथे वीज क्वचित जाते हे खरे. पण ती क्वचित जाते म्हणूनच गेल्यावर काय करायचे याची कुणाचीच तयारी नसते.

दिवसाच्या आत उत्तर येते ते तापमानाचे. मिश्र रीफला २५-२६ अंश बरे. इमारतीचा एसी दुपारी बंद पडला तर खोली संध्याकाळपर्यंत तापते आणि टाकी तिच्या मागोमाग. ३१-३२ अंशांवर प्रवाळे अंगातले शैवाल बाहेर टाकू लागतात आणि पांढरी पडतात. याच आखातातली प्रवाळे उन्हाळ्यात ३४-३५ अंशांचे पाणी सहन करतात. पण आपल्या टाकीतली बहुतेक प्रवाळे इंडोनेशिया किंवा ऑस्ट्रेलियाहून आलेली असतात, त्यांना हे जमत नाही. पाण्यावर वारा मारणारे साधे पंखे दोन-तीन अंश उतरवतात, पण त्यासाठी हवा कोरडी हवी आणि बाष्पीभवन दुप्पट होते. चिलर खात्रीचा, पण तो पाण्यातली उष्णता खोलीत सोडतो. बंद कपाटात ठेवलेला चिलर स्वतःच्याच गरम हवेत गुदमरतो. तो मोकळ्या जागी हवा. हिवाळ्यासाठी एक मोठा हीटर घेण्यापेक्षा दोन छोटे घ्या आणि ते वेगळ्या थर्मोस्टॅटवर लावा. हीटर बंद पडला तर पाणी हळूहळू गार होते. चालू अवस्थेत अडकला तर मात्र रात्रीत टाकी शिजते. दोन छोट्यांपैकी एक अडकला तरी त्याच्यात तेवढी ताकद नसते.

दोन-चार दिवसांचा मामला क्षारतेचा. टाकीतून उडून जाते ते फक्त पाणी, मीठ मागे राहते. ३०० लिटरच्या टाकीतून दिवसाला ४ लिटर उडाले तर तीन दिवसांत क्षारता ३५ वरून साडेछत्तीसवर जाते. मग शनिवारी घरमालकाला आठवण होते आणि तो एकदम १२ लिटर गोडे पाणी ओततो. प्रवाळाच्या पेशीतले पाणी बाहेरच्या क्षारतेबरोबर आत-बाहेर होत असते, त्याला हा झोका सोसत नाही. उडालेले पाणी आपोआप भरणारे यंत्र म्हणूनच माझ्या यादीत तिसरे आहे. त्यातही एक सावधगिरी हवी. त्याचा तरंगता खटका अडकला तर साठ्यातले सगळे पाणी टाकीत जाते. ४०० लिटरच्या टाकीला २० लिटरचा साठा असेल तर क्षारता ३३ वर येईल, प्रवाळे तोंड मिटून बसतील पण वाचतील. साठा १०० लिटरचा असेल तर ती २८ वर येईल, आणि मग फारसे काही वाचणार नाही. महिन्याच्या सुट्टीसाठी मोठा पिंप लावण्याचा मोह होतो. त्यापेक्षा छोटा साठा ठेवा आणि शेजाऱ्याला दर चार दिवसांनी एक बाटला ओतायला सांगा. एवढे तो बिनचूक करतो.

आठवड्याचा हिशेब अल्कलिनिटीचा. दगडी प्रवाळे पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन सांगाडा बांधतात. प्रवाळे वाढू लागली की टाकीची अल्कलिनिटी दिवसाला एक डीकेएच किंवा त्याहून जास्तही उतरते, आणि प्रत्येक डीकेएचमागे लिटरला साधारण ७ मिलिग्रॅम कॅल्शियम खर्ची पडते. ८ ते ९ डीकेएच हा आकडा चांगला आहे, पण ७.५ वर स्थिर असलेली टाकी ७ आणि १० च्या मध्ये हेलकावणाऱ्या टाकीपेक्षा कैक पटीने सुखी असते. यासाठी आधी चांगले टेस्ट किट घ्या आणि आठवडाभर रोज एकाच वेळी मोजा, म्हणजे आपल्या टाकीची रोजची भूक कळेल. मग डोसिंग पंप घ्या आणि ती भूक दिवसभरात थोडीथोडी भागवा. भूक कमी असेल तर चुन्याची निवळीही पुरते. पानाला लावतो तोच कॅल्शियम हायड्रॉक्साइड, फक्त शुद्ध प्रतीचा. त्याच्या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून ती थेंबाथेंबाने द्यायची. उडालेल्या पाण्याची भरपाई याच निवळीने केली की एका यंत्रात दोन कामे होतात.

स्किमर मी त्यानंतर धरतो. बारीक बुडबुड्यांना चिकटणारी घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे हे यंत्र उपयोगी आहे, आणि ते पाण्यात हवाही मिसळते. पण दुप्पट क्षमतेचा स्किमर घेऊन पाणी निवळशंख करण्याचे वेड मिश्र रीफला मानवत नाही. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले की प्रवाळे फिकी पडतात आणि त्या रिकाम्या जागेत डायनोफ्लॅजेलेट नावाचे तपकिरी, चिकट संकट पसरते. ते घालवायला मग महिने लागतात. थोडे नायट्रेट, थोडे फॉस्फेट ही प्रवाळांच्या ताटातली भाजी-भाकरी आहे.

आता दिवा. दिवा बंद पडला तर टाकी किती वेळ जगेल? तीन दिवस तर सहज. शैवालाचा उपद्रव झाला की अनुभवी लोक मुद्दाम तीन दिवस टाकी अंधारात ठेवतात आणि प्रवाळे त्यातून सुखरूप बाहेर येतात. समुद्रावरही ढगाळ दिवस असतात, वादळात पाणी गढूळ होते. अंधार सोसायची तयारी या प्राण्यांच्या अंगात आहे. थांबलेले पाणी आणि तापलेले पाणी सोसायची नाही. एवढ्या एका गोष्टीवर माझे सगळे म्हणणे उभे आहे.

उलट, नवा दिवा नुकसान करू शकतो. अजमानला माझा एक मित्र आहे, मूळ चिपळूणचा. त्याच्या टाकीतल्या अ‍ॅक्रोपोराची टोके पांढरी पडून झडू लागली. दुकानदाराने टाकीचा फोटो पाहिला, पाण्याचा एकही आकडा विचारला नाही, आणि सांगितले, दिवा कमी पडतोय. मित्राने दोन नवे दिवे लावले, पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने. तीन आठवड्यांत खालच्या दगडावरचे टॉर्च आणि ब्रेन पांढरे पडले आणि वरचे अ‍ॅक्रोपोरा झडायचे थांबले नाही. मग आम्ही बसून मोजले. तो आठवड्यातून दोनदा, आठवण होईल तेव्हा, अल्कलिनिटीचे द्रावण एकदम ओतत होता. एका दिवशी सात, दुसऱ्या दिवशी जवळपास अकरा. रोग पाण्यात होता आणि औषध छतावरून दिले जात होते. डोसिंग पंप त्या दोन दिव्यांच्या किमतीच्या एका तुकड्यात आला असता. दुकानदाराला मी पूर्ण दोष देत नाही. दिवा विकणे सोपे असते, गिऱ्हाईक घरी जाऊन बटण दाबते आणि त्याला फरक डोळ्यांनी दिसतो. स्थिर अल्कलिनिटी कुणाला दिसत नाही. पाहुण्यांना तर मुळीच नाही.

मिश्र रीफमध्ये याला आणखी एक पदर आहे. या टाकीत सगळ्यांना एकाच वेळी उत्तम असे काही मिळत नाही. दिवा अ‍ॅक्रोपोराच्या मापाने वाढवला तर मऊ प्रवाळे होरपळतात, प्रवाह वाढवला तर हॅमरचे मांस सांगाड्यावर आपटून फाटते. लेदर जातीची मऊ प्रवाळे शेजाऱ्यांना रोखण्यासाठी पाण्यात रसायने सोडतात, टॉर्च रात्री लांब शुंडके बाहेर काढून हाताच्या अंतरावरच्या शेजाऱ्याला डंख मारते. यावर बाजारात यंत्र नाही. यावर जागा आहे. कडक उजेडवाले वर, मध्यमवाले मध्ये, मऊ कोपऱ्यात आणि खाली. दोन भांडखोरांच्या मध्ये टीचभर नव्हे, वीतभर अंतर, आणि मऊ प्रवाळांच्या रसायनांसाठी सक्रिय कोळशाची एक पिशवी. उजेड मोजायचे यंत्र मित्रमंडळीत एखाद्याकडे असतेच, ते तासभर मागून आणा. मऊ प्रवाळांना ५० ते १००, मोठ्या तोंडाच्यांना १०० ते १५०, बारीक तोंडाच्यांना २०० ते ३५० इतका आकडा साधारण पुरतो. पुष्कळदा असे दिसते की जुन्याच दिव्याखाली वरच्या दगडावर हवा तेवढा उजेड आहे आणि प्रवाळ फक्त चुकीच्या कपारीत बसले आहे.

मोजल्यावर खरोखर कमी निघाला तर दिवा जरूर घ्या. टी-फाइव्हच्या नळ्या वर्षभरात म्हाताऱ्या होतात, त्या बदलाव्याच लागतात. पण नवा दिवा अर्ध्या ताकदीवर सुरू करा आणि चार ते सहा आठवड्यांत हळूहळू वर न्या. आणि त्या काळात दुसरे काही बदलू नका, नाहीतर कशाने काय झाले ते कधीच कळणार नाही.

कुणी म्हणेल, ही सगळी जुन्या लोकांची कुरकुर आहे, आता सगळे फोनवर दिसते, कंट्रोलर घेतला की झाले. कंट्रोलर चांगलाच आहे, गावी बसून टाकीचे तापमान पाहता येते हे मोठे सुख आहे. पण फोनवर ३३ अंश दिसले तर रत्नागिरीहून तुम्ही काय करणार? इमारतीच्या वॉचमनला फोन, शेजाऱ्याला फोन, आणि रात्रभर जागरण. खबर देणारे यंत्र आणि सांभाळणारे यंत्र यांत फरक आहे. आधी सांभाळणारे घ्या.

या शौकाचा इतिहासही माझ्याच बाजूने बोलतो. १९६१ मध्ये जाकार्ताचे ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातले जिवंत दगड, समुद्राचे पाणी, ऊन आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर त्यांच्या टाक्यांत प्रवाळे जगत होती. त्यांच्या दाराशी समुद्र होता आणि हवामान बारा महिने सारखे होते. आपल्याकडे यातले काहीच नाही. आपण जी यंत्रे विकत घेतो ती त्या स्थिर पाण्याची आणि स्थिर हवामानाची भरपाई म्हणून. मग भरपाई करताना स्थिरता विसरून झगमगाट आणला तर घेतले काय?

आता एक कटू गोष्ट, मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी. कौशाला माझा भाचा राहतो. दर सुट्टीच्या आधी त्याचा निरोप येतो, "मामू, येताना अ‍ॅक्रोपोराचा एक तुकडा आणा ना, पिशवीत मावेल." मी आणत नाही आणि कुणी आणू नये. दगडी प्रवाळांचा सीमेपलीकडचा व्यापार साइट्स करारात येतो, परवान्याशिवाय एक बोटभर तुकडाही नेता येत नाही. शिवाय भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ पासून सगळी दगडी प्रवाळे पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ आहे त्याच अनुसूचीत. समुद्रातून काढलेले प्रवाळ घरात ठेवणे, मग ते मेलेले का असेना, हा तुरुंगात जाण्याजोगा गुन्हा आहे. गल्लीतल्या दुकानात चोरून मिळणारा तुकडा अंदमान, लक्षद्वीप किंवा मन्नारच्या आखातातून छिन्नीने फोडून आलेला असू शकतो, आणि त्यावर कितीही भारी दिवा लावला तरी तो चोरीचाच राहतो. भाच्याला मी सांगतो, बाळा, माशांची टाकी कर. क्लाउनफिशची पैदास आता बंदिस्त टाक्यांत होते, आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तिचे तंत्र बसवले आहे, समुद्राला हात लावायची गरज नाही. प्रवाळ पाहायचे तर मालवणला जा, पाण्यात तोंड घालून बघ, फक्त पाय ठेवू नकोस.

आणि इथल्या आपल्या लोकांना हे वेगळ्या शब्दांत सांगायचे आहे. आपल्याला परवान्याने प्रवाळ विकत मिळते म्हणून ते स्वस्त झालेले नाही. पांढऱ्या पडलेल्या प्रत्येक प्रवाळाच्या जागी आपण दुकानातून दुसरे आणतो, आणि त्यातले बरेचसे आजही समुद्रातूनच काढलेले असते. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या प्रवाळांच्या चौथ्या महाविरंजनाची घोषणा केली. समुद्र तापतो आहे आणि तिथली प्रवाळे तिथेच संकटात आहेत. अशा वेळी घरात आणलेला तुकडा वीस वर्षे जगवणे आणि त्याचे तुकडे करून मित्रांना वाटणे, म्हणजे त्यांना दुकानात जावे लागणार नाही, एवढे तरी आपण देणे लागतो. ते दिव्याने होत नाही. ते पंप, चिलर, पाणी भरणारे यंत्र आणि रोज मोजणारा माणूस यांनी होते.

तेव्हा या महिन्यात पैसे बाजूला पडले असतील तर दुकानात जाण्याआधी एक परीक्षा घ्या. सुट्टीच्या दिवशी, तुम्ही घरात असताना, टाकीचा मुख्य स्विच वीस मिनिटे बंद ठेवा आणि समोर खुर्ची टाकून बसा. पंप थांबल्यावर वरचे पाणी खाली उतरून संप ओसंडतो का? बॅटरीवरचा पंप खरोखर सुरू होतो का, की बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेली आहे? वीज परत आल्यावर सगळी यंत्रे आपोआप चालू होतात, की एखाद्याला बोटाने ढकलावे लागते? जे यंत्र या वीस मिनिटांत नापास होईल ते आधी बदला. उरलेल्या पैशांत दिवा आला तर उत्तम, नाही आला तर पुढच्या वर्षी. विमानाचे तिकीट काढण्याच्या आधीच्या महिन्यात ही परीक्षा परत एकदा घ्या, आणि शेजाऱ्यालाही शेजारी बसवा.